तंबाखू सोडण्यासाठी अ‍ॅप की हेल्पलाइन?

निपाणीच्या आमच्या काकांना तंबाखू सोडायची आहे. मात्र अ‍ॅप घ्यावे, की पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर बोलावे, हे त्यांचे ठरत नाही. हेल्पलाइनला साधा फोन पुरतो, अ‍ॅपला स्मार्टफोन आणि डेटा लागतो. नोंदींनुसार सल्ला बदलणारे अ‍ॅप, जेवणानंतर तलफ येते हे टिपल्यावर, नेमके हात धुताना सावध करू शकते. परंतु नोंदी थांबल्या की त्याला माणूस कळेनासा होतो, आणि शिवारातून दमून आलेले काका रोज नोंदी करतील असे मला वाटत नाही. हेल्पलाइनवरचा समुपदेशक मात्र स्वतःच विचारतो. सीमाभागात भाषेची खात्री दोन्हीकडे आधी करावी. म्हणून काकांनी फोन करावा. मोबाइल सतत हाताळणाऱ्या, नियमित नोंदी ठेवणाऱ्या तरुणाला अ‍ॅप जमेल.