कोटा की मकराना? फरशी घेण्याआधी

दोन्ही राजस्थानचे, दोन्ही मुळात चुनखडी. कोटा हा थराथरांचा गाळाचा खडक. मकराना संगमरवर म्हणजे तशीच चुनखडी उष्णतेने, दाबाने नव्याने स्फटिक बनलेली, रूपांतरित. म्हणून कोट्याचे थर सुटतात, पापुद्रे निघतात. घेताना लादी उभी धरून नाण्याने ठोका: खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर आत भेग किंवा सुटलेला थर असू शकतो. मकरान्याला थर नाहीत, चकाकी अप्रतिम. पण पांढऱ्यावर हळदीचा डाग बसला की बसला! लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर दोघांचेही शत्रू, कारण आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. जिना, अंगणाला कोटा; देवघराला मकराना. ओट्याला? दोन्ही नको, ग्रॅनाइट घ्या.