जोज गॅरेज, डबल सीडी : आठ महिन्यांनंतर

आधी तक्रार, कौतुक नंतर. अमेरिकन गिटारवादक फ्रँक झापाच्या ‘जोज गॅरेज’ या अल्बमचा हा सेट अकराशे रुपये मोजून सेकंडहँड घेतला. त्याची दुसरी डिस्क ‘वॉटरमेलन इन ईस्टर हे’मध्ये चार मिनिटं उलटली की अडकते. टिक, टिक, टिक, आणि गिटार एकदम पुढच्या कुठल्या तरी सुरावर. दोन डिस्कमध्ये अडकायला हीच जागा सापडली!

खरं तर पहिल्या महिन्यात मी भलत्याच गोष्टीवरून भांडलो होतो. ‘आउटसाइड नाऊ’, ‘ही यूज्ड टू कट द ग्रास’ ऐकताना गिटार एकीकडे आणि ड्रम्स दुसरीकडे चाललेत असं वाटायचं. विकणाऱ्याला मेसेज टाकला, डिस्क खराब आहे. त्याचं उत्तर: ‘दादा, तुमचा प्लेयर म्हातारा झालाय.’ चिडून प्लेयर दुरुस्तीला दिला. साडेचारशे गेले, फरक शून्य.

मग कळलं की झापाने ते मुद्दामच केलंय. 1979च्या युरोप दौऱ्यातल्या टेपवरचे सोलो उचलून त्याने लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत वाजवलेल्या नव्या गाण्यांवर चढवले. गाणं वेगळं, लय वेगळी. याला तो झेनोक्रोनी म्हणायचा. मी कलम म्हणतो. विनी कोलायुटा ड्रम्स वाजवत होता तेव्हा तो सोलो समोर कोणी वाजवतच नव्हतं. हे कळल्यावर ‘आउटसाइड नाऊ’ परत लावलं. खाली अकरा मात्रांचं चक्र गोल फिरतंय आणि वरची गिटार त्याला विचारतसुद्धा नाही. आता ते आवडतं. पहिल्या महिन्यात रिव्ह्यूत दिलेले दोनच स्टार मागे घेतो. ‘पॅकार्ड गूस’चा सोलो मात्र अजूनही डोक्यावरून जातो.

या अल्बममधले बहुतेक सोलो असेच कलमी. ‘क्रू स्लट’ आणि ‘वॉटरमेलन’ हे दोनच अपवाद. म्हणजे माझी डिस्क अडकते तो सोलो झापाने खास त्याच गाण्यासाठी वाजवलेला. नऊ मात्रा, संथ. बोटांवर मोजून बघा: चार, मग पाच. अल्बमची गोष्ट भोंग्यातून सांगणारा निवेदक कुजबुजून गप्प होतो, गिटार येते, आणि तिला कसलीच घाई नसते. एरवी एका ओळीत पन्नास सूर कोंबणारा हा माणूस इथे एकेका सुराला पुरता श्वास देतो. ‘हॉट रॅट्स’वरचं (1969) ‘विली द पिंप’ मी वर्षानुवर्षं डोक्यावर घेऊन नाचलो. नऊ मिनिटांचा झकास दंगा आहे तो. पण रात्री दिवा मालवून ते ऐकवत नाही, हे ऐकतो. टिकटिकीपर्यंत.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटची गाणी बाहेरच्या कडेला येतात, नेमकी लोकांची बोटं लागतात तिथे. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर अर्धा अंगठा उमटलेला दिसला आणि त्याच्या शेजारी नखाएवढी चीर. चष्म्याच्या फडक्याने मधून कडेकडे पुसली (गोल गोल पुसू नका, आणखी वाट लागते). अंगठा गेला, चीर राहिली.

महिनाभर मेसेज करून करून दोनशे रुपये परत मिळवले. नवा सेट घेणार नाही, पहिली डिस्क ठणठणीत असताना दोन्हीचे पैसे कशाला? कुणाची पहिली खराब आणि दुसरी चांगली असेल तर सांगा. चारशेपर्यंत देईन, कुरिअरचा खर्च तुमच्याकडे.