आल्चीतला होमस्टे: तासाभरात निघू नका, मुक्काम करा

लडाख टूरवाल्यानं आल्चीला फक्त एक तास ठेवलेला, उतरा फोटो काढा चला, म्हणून टूर संपल्यावर आम्ही चौघं तासगावकर लेहमध्येच थांबलो नि लोकल टॅक्सी करून परत आल्चीला आलो. ऑगस्टमध्ये. गावातल्या एका घरगुती होमस्टेत दोन रात्री काढल्या, त्याचा हा रिव्ह्यू.

लेहपासून ६५-७० किमी, सिंधूवरचा पूल ओलांडला की गाव. रस्ताभर मिलिटरीच्या ट्रकांची लाईन, एका बाजूला पाकिस्तान एका बाजूला चीन, त्यामुळं घरचे आधीच म्हणत होते बॉर्डरला कशाला मरायला जाताय. त्यात प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड न्या नाहीतर बायकोच्या शिव्या खा.

खोली साधी पण स्वच्छ. गरम पाणी बादलीनं, तेही आदल्या रात्री सांगितलं तरच, आम्ही विसरलो नि सकाळी तोंड धुताना दात वाजले. एक स्टार तिथं कापला.

जेवायला स्क्यू. नाव ऐकून काय असेल म्हटलं, तर ताटात चकोल्याच की ओ! कणकेचे अंगठ्यानं दाबलेले तुकडे, बटाटा, गाजर, सगळं एकत्र शिजवलेलं, तिखटाच्या नावानं बोंब. पिशवीतनं कांदा लसूण चटणी काढली, घरातल्या आज्जीनं (सगळे आमा-ले म्हणतात) बोटावर घेऊन चाखली नि पाण्याकडं पळाल्या. पण त्यांचा लोणी नि मीठ घातलेला चहा आम्हाला दुसरा कप झाला नाही, फिट्टंफाट.

गच्चीवर जर्दाळू वाळत घातलेले. आमच्याकडं द्राक्ष पोटॅशियम कार्बोनेट नि डिपिंग ऑईलमध्ये बुडवा, शेडमध्ये जाळीवर टाका, वर गंधकाची धुरी, मग कुठं बेदाण्याला रंग. इथं बी काढून सरळ उन्हात, बास. माल काळपट पडतो, आमच्या सौद्यात अडत्या हात लावायचा नाही, पण चव घेतली नि आम्ही पाच किलो बांधून घेतले.

गोम्पा (बौद्ध मठ) घरापासून पाच मिनिटं चालत. बाकीचे डोंगराच्या टोकावर, हा सपाटीला झाडांत, बाहेरनं बघितलं तर मातीचं घर वाटेल. सुमारे ८०० वर्षं जुनं तीनमजली देऊळ, सुमत्सेक म्हणतात, दार एवढंसं की वाकूनच आत जायचं. आत अंधार. डोळे सरावले की कळतं आपण मूर्तीच्या पायाशी उभे आहोत नि तिचं डोकं वरच्या मजल्यात गेलंय. अशा तीन मूर्ती. त्यातल्या अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाच्या धोतरावर राजवाडे, देवळं, माणसं बारीक रंगवलेली, काश्मिरी चित्रकारांचं काम मानतात, नि खुद्द काश्मिरात त्या काळची असली चित्रं आता उरलेली नाहीत. मी अर्धा तास नुसतं ते धोतर बघत बसलेलो. टूरच्या एका तासात तेवढ्यात बस सुटली असती.

आत फोटो बंद, काढू पण नका. दुपारी जेवणाच्या वेळेला लामाजी कुलूप लावून जातात, सकाळीच जावा.