रत्नागिरी दर्शन, दिवसभराची रिक्षा करून : ५ पैकी ४ स्टार

मुंबईची माणसं रत्नागिरीला उतरतात आणि थेट गणपतीपुळ्याला पळतात, आम्ही पण आधी दोनदा तेच केलंय. यावेळी आईला म्हटलं दोन रात्री शहरातच राहू आणि गाव नीट बघू. टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून आईने फोनच ठेवायला लावला, मग मारुती मंदिरापाशी रिक्षा उभ्या असतात तिथे जाऊन दिवसभराची रिक्षा ठरवली. तर हा रिव्ह्यू त्या रिक्षाचा आहे, गाव ओघात येईलच.

पहिली गोष्ट, मीटरबिटर विसरा. काय काय बघायचं ते आधी सांगायचं, आरे-वारेचे किनारे धरून की सोडून तेही सांगायचं आणि मग एकच रक्कम ठरवायची. आम्ही घासाघीस केली पण काका फार हलले नाहीत, आणि दिवस संपल्यावर मलाच वाटलं की बरं झालं नाही हलले ते.

आमची चूक म्हणजे वार सोमवार होता. थिबा पॅलेस म्हणजे ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या थिबा राजाचा इथला वाडा, त्यातलं म्युझियम सोमवारी बंद. काकांनी रिक्षात बसायच्या आधीच सांगितलं, "ताई, पॅलेस आज बंद, तो उद्या सकाळी दाखवतो, आज बाकीचं उरकूया." आता हे न सांगता बंद गेटसमोर नेऊन उभं करणारे पण बघितलेत मी (दुसऱ्या गावात, नाव नको), त्यामुळे इथेच त्यांना अर्धा स्टार जास्त.

सुरुवात रत्नदुर्गापासून. तीन बाजूंनी समुद्र, वर भगवतीचं देऊळ, आणि तटावरून खाली मिरकरवाड्यातल्या होड्या एकमेकींना चिकटून उभ्या दिसतात. आईचे गुडघे दुखतात, पण काकांनी रिक्षा जाईल तितकी वर नेली आणि पुढच्या पायऱ्या तिने हळूहळू केल्या. किल्ल्याच्या एका अंगाला मांडवीचा काळ्या वाळूचा किनारा आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र, दोन्ही एकाच दुपारी बघून झाले. मला काळाच आवडला, पांढऱ्यावर ऊन डोळ्यात जातं.

मग टिळक आळीत टिळकांचं जन्मघर. जांभ्या दगडाचं, उतरत्या छपराचं कोकणी घर, आत गेल्यावर एकदम गार. इथे काका आमच्याबरोबर आत आले आणि म्हणाले, "इंग्रजांची गंमत बघा ताई, मंडालेचा राजा उचलून आणला आमच्या रत्नागिरीत, आणि आमच्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक नेले मंडालेला." शाळेत दोन्ही गोष्टी शिकलोय आपण, पण दोन वेगळ्या धड्यांत, त्यामुळे कधी जोडून बघितल्याच नाहीत. भागोजी कीरांनी १९३१ मध्ये बांधलेलं पतितपावन मंदिर पण तिथून झालं.

जेवणाला काका म्हणाले तिकडे न जाता आम्ही ऑनलाइन फोटो बघून एका हॉटेलात गेलो आणि तिथे पस्तावलो. मेनूवर सुरमईपुढे रेटच नाही, "साइजप्रमाणे" लिहिलेलं, आणि बिल आल्यावर कळलं साइज किती मोठी होती ते. सोलकढी पण पाणीदार. रात्री काकांच्या खानावळीत गेलो, तिथे मुडदुशा तळलेल्या, तांदळाची भाकरी आणि तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, आई दोन दिवस तेच बोलत होती. मासे खायलाच जाणार असाल तर जून-जुलै टाळा, तेव्हा मासेमारी बंद असते.

स्टार कापला तो संध्याकाळी. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि सूर्यास्त बघायचा होता, आणि काकांनी वाटेत "पाच मिनिटं फक्त" म्हणत ओळखीच्या दुकानात नेलं. आंबापोळी, कोकम आगळ, काजूगर, फणसपोळी, आई आत शिरली की पाच मिनिटांची चाळीस होणार हे काकांना माहीत असणारच. पोचलो तोवर सूर्य जवळजवळ बुडाला होता. आणि तीच आंबापोळी दुसऱ्या दिवशी बाजारात स्वस्त मिळाली, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र म्हटल्याप्रमाणे हजर. जास्तीचे पैसे मागितले नाहीत, आम्हीच दिले. पॅलेस बघाच. लाल रंगाची मोठी वास्तू, आत लाकूडकाम, आणि पाठीमागच्या बाजूने दिसणारी खाडी. थिबा राजाला १८८६ मध्ये इथे आणलं, पण हा वाडा तयार झाला १९१० च्या सुमारास, म्हणजे वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्या बंगल्यांत काढल्यावर, आणि १९१६ मध्ये तर तो गेलाच. थोरल्या राजकन्येचं राजवाड्याच्या दरवानाशी जमलं, त्यांची मुलगी टुटू शेवटपर्यंत रत्नागिरीतच राहिली. म्युझियममध्ये हे इतकं रंगवून कोणी सांगत नाही, काकांनी सांगितलं. शिवाजीनगरातली राजाची समाधी पण दाखवा म्हणून तुम्हीच सांगा, नाहीतर राहून जाते.

रिक्षात पाठीचे हाल होतात हे खरं, खड्डे आहेत आणि दुपारी झळा थेट तोंडावर येतात, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. आरे-वारेच्या चढावर रिक्षा इतकी कुंथत होती की आई म्हणाली मी उतरून चालते. पण वर पोचल्यावर काकांनी न सांगता रिक्षा कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि खाली दोन्ही किनारे दिसत असताना दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही, काकासुद्धा.

परत गेले तर परत रिक्षाच करणार. फक्त सोमवार सोडून, आणि दुकान सूर्यास्तानंतर.