डाळ मिल: भावाभावांची भागीदारी की शेतकरी कंपनी?

लातूर भागात तुरीची डाळ मिल टाकताना हा प्रश्न येतोच. भावांच्या भागीदारीत निर्णय झटपट होतात: सकाळी आडतीवर भाव उतरला की दुपारपर्यंत माल गोदामात. पण हिशोब तोंडी राहतो. थोरले दादा गल्ल्यातून उचल घेतात, धाकटा बोलत नाही, मनात मात्र धरतो. अशी धुसफूसच अनेकदा चालता धंदा बसवते. 1932 च्या भागीदारी कायद्यात नोंदणीची सक्ती नाही, मग करारपत्रही राहून जातं.

शेतकरी उत्पादक कंपनीला किमान 10 शेतकरी लागतात आणि शेअर कितीही असोत, प्रत्येकाला एकच मत. बैठका लांबतात, हे खरं. तरी मतभेद इतिवृत्तात येतात, चव्हाट्यावर नाही. माझा कौल कंपनीला. फक्त रोजच्या खरेदीचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.