सॅलिनिटी बरोबर, बाकी सगळं खोटं

खाऱ्या पाण्याची छोटी टाकी लावायचं मनात असेल आणि कोणी "सगळं मी करून देतो सर, तुम्ही फक्त मासे बघत बसा" म्हणत दारात आला, तर आधी हे वाचा. पुण्यात घरी येऊन मरीन टँक लावून देणारे बरेच आहेत. काहींचं काम चोख असतं. माझ्या वाट्याला आला तो त्यातला नव्हता. प्रकरण चालू असल्यामुळे त्याचं नाव इथे देत नाही.

व्यवहार असा ठरला होता: दोन फुटी टाकी, स्टँड, लाइट, स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र), मीठ, लाइव्ह रॉक (शेवाळ आणि जीवाणू वस्तीला असलेले समुद्री दगड), वाळू, निमोची म्हणजे क्लाउनफिशची जोडी, एक ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), एक क्लीनर श्रिंप (छोटी कोळंबी). सगळे मिळून ४२,००० रुपये, निम्मे आगाऊ. क्यूआर कोड स्कॅन केला तर भलत्याच बाईचं नाव आलं. "मिसेसचं अकाउंट आहे सर." बिल मागितलं तर "बिलाचे अठरा टक्के वर पडतील, कशाला?" हे असले प्रकार आपल्याकडे रंगाऱ्यापासून सुतारापर्यंत सगळेच करतात, त्यामुळे खटकलं तरी कोणी व्यवहार मोडत नाही. खरी कलाकारी पुढे होती. त्याने प्रत्येक गोष्ट माझ्यासमोर तपासून दाखवली, आणि त्या तपासण्या खोट्या नव्हत्या.

मिठापासून सांगतो. दहा किलोची पिशवी, पांढरी, वर काही छापलेलं नाही. "इम्पोर्टेड आहे, मोठ्या गोणीतून सुटं काढतो म्हणून साडेतीनशे रुपये किलो. डब्यातलं घ्याल तर डबल." आरओच्या पाण्यात मीठ ढवळलं, रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) मोजायच्या यंत्राच्या, काचेवर दोन थेंब टाकले आणि यंत्र माझ्या हातात दिलं. आत वर निळा, खाली पांढरा, आणि मधली रेघ बरोबर १.०२५ वर. समुद्राच्या पाण्याला हवी तीच. "बघा सर, तुमच्या डोळ्यांनी बघा."

पण ते यंत्र पाण्यात किती विरघळलंय एवढंच सांगतं, काय विरघळलंय ते नाही. वाण्याकडचं मीठ मापात घाला, रेघ तिथेच येईल. समुद्राच्या पाण्यात साध्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं. कॅल्शियमच लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या वर असतं. माझ्या टाकीतलं नंतर मोजलं तेव्हा ते दीडशेच्या आसपास निघालं. म्हणजे पिशवीत निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचं मीठ. चांगल्या कंपनीचं सीलबंद मीठ घ्या, कॅल्शियम आणि केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) तपासायचं किट घ्या, आणि टाकीत ओतण्याआधी बादलीत कालवून मोजा. एवढं केलंत तरी या धंद्यातली निम्मी लबाडी बादलीतच उघडी पडते.

मग अमोनिया, म्हणजे माशांच्या मैल्यातून आणि कुजणाऱ्या खाण्यातून होणारं विष. त्याने परीक्षानळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, रंग फिका पिवळा. "झीरो अमोनिया. टँक रेडी. उद्या मासे आणतो." ताज्या कालवलेल्या पाण्यात, जिथे मासा नाही, खाणं नाही, काही कुजत नाही, तिथे अमोनिया येणार कुठून? ती परीक्षा कोरी बादलीसुद्धा पास होईल. टाकी तयार झाली हे उलट्या बाजूने कळतं. आधी अमोनिया मुद्दाम द्यायचा. मंडईतल्या कोळंबीचा एखादा तुकडा टाकून ठेवला तरी चालतो. अमोनिया वाढतो, मग एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. दिलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर आला, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, की टाकी तयार. याला साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्याने हे आठवडे एका बाटलीत भरून आणले होते: लेबल खरवडलेली बाटली, आत तपकिरी पाणी, किंमत ९०० रुपये. जीवाणूंच्या चांगल्या बाटल्याही मिळतात, आणि त्यांनी काम लवकर होतं. पण झालं की नाही ते तरीही मोजूनच ठरवायचं असतं.

गोड्या पाण्यात गप्पी, गोल्डफिश पाळलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो, आणि इतक्या पीएचला अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात राहतो. गोड्या पाण्यात जे खपून जातं ते इथे खपत नाही.

दुसऱ्या दिवशी मासे आले. घरात सण. लेक टाकीसमोरून हलेना, शेजारचे येऊन बघून गेले. ॲनिमोन तर लिंबासारखं पिवळंजर्द. "रेअर पीस आहे सर, पाच हजारांचा. पॅकेजमध्ये देतोय." रात्री त्याच्याभोवतीचं पाणी किंचित पिवळसर दिसलं, मला वाटलं लाइटमुळे. सकाळी श्रिंप आडवा पडलेला होता. दोन्ही निमो एकाच मापाचे आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले. दोन-तीन दिवसांत त्यातला एक तळाशी धापा टाकायला लागला.

ओळखीतून कोथरूडच्या एका काकांपर्यंत पोचलो. घरात वीस वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणारा माणूस. ते आले, टाकीकडे पाहिलं आणि आधी चहाला नाही म्हणाले, तेव्हाच मला अंदाज आला. लाइव्ह रॉकचा एक दगड बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासला. जांभळा रंग पापुद्र्यांनी निघाला, खाली पांढरा कोरडा दगड. "हा डिस्टेंपर आहे रे. खरी जांभळी शेवाळ खरवडली तरी निघता निघत नाही." मग ॲनिमोन. बहुतेक निरोगी ॲनिमोन तपकिरी, हिरवट, मातकट दिसतात, कारण त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याच्यावर त्यांचं पोट चालतं. ते शैवाल गेलं की अंग पांढरं पडतं. असं उपाशी, पांढरं पडलेलं ॲनिमोन रंगात बुडवून "रेअर पीस" म्हणून विकतात. धडधाकट ॲनिमोनसुद्धा नव्या टाकीत टिकत नाही. टाकी सहा महिने ते वर्षभर मुरलेली लागते. आणि निमोला ते नसलं तरी काही अडत नाही.

"जोडी"चंही तेच. निमो सगळे नर म्हणून वाढतात, गटातला सर्वांत मोठा मादी होतो. त्यामुळे खऱ्या जोडीत एक ठळक मोठा आणि एक लहान दिसतो. दोन मोठे, एकाच मापाचे म्हणजे बहुधा दोन माद्या, आणि दोन फुटांत दोन माद्या नांदत नाहीत. जोडी म्हणून माझ्याकडून दोन हजार जास्त घेतले होते.

मिनी चिलर म्हणून सहा हजारांना वेगळा लावलेला डबा एप्रिलमध्ये पाणी ३१ अंशांच्या खाली आणू शकला नाही. तो विषय सोडून देतो.

फोन केला. तो घाबरला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "तक्रार जरूर करा सर. पण मी गिफ्ट दिलेलं कोरल कोणाच्या टाकीत आहे? ते वाघाच्या कलमात येतं."

टाकी लावल्यावर त्याने फांद्याफांद्यांचं एक पांढरंशुभ्र प्रवाळ मध्यभागी ठेवलं होतं. "आमच्याकडून भेट, शो वाढतो." तो म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली. वाघ त्याच अनुसूचीत आहे. मेलेला सांगाडासुद्धा त्यातून सुटत नाही. सगळ्या पॅकेजमध्ये फुकट मिळालेली हीच एक वस्तू, आणि गिऱ्हाइकाचं तोंड बंद ठेवायचं काम तिच्याकडे. असं किती घरांत ठेवलं असेल कोण जाणे. समुद्री घोडा कोणी देऊ केला तर तोही दाराबाहेरूनच परत पाठवा.

माझी भाची वकील आहे म्हणून निभावलं. तिने आधी सगळ्या चॅटची प्रत काढून घ्यायला लावली. त्याने प्रवाळाच्या फोटोखाली स्वतः लिहिलं होतं, "ये फ्री मे रख देंगे." मग वनविभागाला लेखी अर्ज देऊन तुकडा जमा केला आणि पोच घेतली. महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. पण तुमच्याकडे असं काही असेल तर आधी वकिलाशी बोला, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. बिल नाही म्हणून अडलं नाही. यूपीआयच्या नोंदी, चॅट आणि त्याच्याच आवाजातले व्हॉइस मेसेज जोडले. प्रत काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने त्याच्याकडून बरेच मेसेज पुसले.

वाचलेला एक निमो सध्या काकांकडे आहे. पुन्हा टाकी लावलीच तर मासे हॅचरीत (माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात) जन्मलेले घेणार. ते समुद्रातून पकडून आणलेल्यांपेक्षा काटक असतात आणि बंद टाकीतलं खाणं त्यांच्या सवयीचं असतं. त्यासाठी फार लांब पाहायलाही नको, नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठान या राज्य सरकारच्या संस्थेने क्लाउनफिशची हॅचरी उभारली आहे.

नोटीस पोचल्यावर त्याचा निरोप आला की १५,००० देतो, तक्रार मागे घ्या. भाचीने ते लेखी द्यायला सांगितलं. तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे.