आधी काय सोडायचं: खिशातला मोबाइल, मांडीवरचा लॅपटॉप की खर्रा?

मूल हवं आहे, प्रयत्न सुरू आहेत, आणि नवऱ्याने आधी कोणती सवय बदलावी (फोनची, लॅपटॉपची की तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या खर्र्याची) यावर घरात बोलणं चाललंय, अशा जोडप्यांसाठी ही तुलना आहे. आपल्या नागपुरात मिहानच्या ऑफिसमध्ये दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा असो की बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीत काम करणारा, संशय पहिल्यांदा मोबाइलच्या रेडिएशनवर जातो. पुरावे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर मोबाइलचा नंबर पहिला लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मोबाइल

मोबाइलच्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात. डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शरीर शोषून घेतं याचं माप म्हणजे एसएआर, आणि भारतात फोनसाठी त्याची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. *#०७# डायल केलं की बहुतेक फोनवर आपल्या हँडसेटचा आकडा दिसतो.

जिनिव्हा विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २००५ ते २०१८ या काळात लष्करभरतीसाठी आलेल्या १८ ते २२ वयाच्या २,८८६ स्विस तरुणांची वीर्यतपासणी त्यात झाली होती. दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण प्रति मिली ४.४५ कोटी होतं, तर आठवड्यातून जेमतेम एकदा वापरणाऱ्यांत ५.६५ कोटी. फरक आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली खालची संदर्भमर्यादा १.६ कोटी आहे, म्हणजे दोन्ही गट तिच्या बरेच वर. शुक्राणूंच्या हालचालीत फरक दिसला नाही. फोन पँटच्या खिशात ठेवण्याशीही संबंध आढळला नाही. आणि जो संबंध होता, तो २००५ ते २००७ मध्ये सर्वांत ठळक होता. पुढे नवी नेटवर्कं आली तसा तो फिका होत गेला. जुन्या टू-जी फोनची प्रक्षेपणशक्ती आजच्या फोनपेक्षा खूप जास्त असे, हे त्यामागचं कारण असू शकतं.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दहा अभ्यास एकत्र केले, एकूण १,४९२ नमुने. त्यात मोबाइलच्या संपर्कात शुक्राणूंची हालचाल सरासरी ८ टक्क्यांनी कमी दिसली. म्हणून फोन बॅगेत किंवा टेबलावर ठेवा, फुकटात होतं. विशेषतः रेंज नसताना, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये, धावत्या गाडीत, फोन जास्त शक्तीने लहरी सोडतो. खिशात फोन आणि कानात ब्लूटूथ लावून तासभर बोलायची सवय तेवढी मोडा.

अँटी-रेडिएशन स्टिकर आणि कव्हरवर मात्र एक रुपयाही घालू नका. सिग्नल अडला तर फोन उलट जास्त जोर लावतो, हे अमेरिकेच्या व्यापार आयोगानेही ग्राहकांना सांगितलंय.

लॅपटॉप

इथे मुद्दा उष्णतेचा. शुक्राणू नीट तयार व्हायला अंडकोष शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड लागतात. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये २९ निरोगी पुरुषांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवलं. तापमान उजवीकडे २.८ आणि डावीकडे २.६ अंशांनी वाढलं. लॅपटॉप नसताना नुसत्या त्या बैठकीनेच ते २.१ अंश वाढत होतं. शुक्राणू त्यात मोजले नव्हते, हे लक्षात ठेवा. तरीही मोबाइलच्या लहरींपेक्षा ही उष्णता मला जास्त खरी वाटते, कारण तिचा परिणाम कसा होतो हे माहीत आहे. त्यातून आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन पलंगावर पसरायची सवय असते. टेबल वापरा. मध्ये उठा. घट्ट जीन्स आणि घट्ट चड्डीऐवजी सैल सुती वापरा: हार्वर्डच्या २०१८ च्या ६५६ पुरुषांवरील अभ्यासात सैल बॉक्सर घालणाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण २५ टक्के जास्त होतं.

खर्रा

नागपुरात हा विषय टाळून चालणारच नाही. ऑफिसखालच्या पानठेल्यावर घोटलेला खर्रा पन्नीत बांधून घेणारे कितीतरी तरुण मोबाइलच्या टॉवरवर तावातावाने बोलतात, आणि तेव्हा तोंडात सुपारी, चुना आणि तंबाखू असतो. याचा मला खरंच त्रास होतो, कारण या तिघांत सर्वांत भक्कम पुरावा तंबाखूविरुद्धच आहे. सिगारेटबद्दल २०१६ मध्ये वीस अभ्यासांतल्या ५,८६५ पुरुषांची माहिती एकत्र केली गेली: संख्या आणि हालचाल दोन्ही कमी. चघळायच्या तंबाखूबद्दल भारतातलाच अभ्यास आहे, २००५ चा. वंध्यत्वाच्या तपासणीला आलेल्या ६३८ पुरुषांचा. जितकं जास्त चघळणं, तितका अहवाल वाईट, आणि दिवसातून सहापेक्षा जास्त वेळा चघळणाऱ्यांचा सर्वांत वाईट. मुलाचं राहू द्या, तोंडाच्या कॅन्सरसाठीही हाच जबाबदार.

एकच गोष्ट सोडता येणार असेल तर खर्रा सोडा. तो सोडून फोन खिशातच राहिला तरी चालेल. उलटं करून फायदा नाही.

सवय बदलायची की तपासणी करायची?

दोन्ही, पण तपासणी पुढे ढकलू नका. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा बायकोचं वय ३५ च्या वर असून सहा महिने झाले, तर वीर्यतपासणी करून घ्या. आधी दोन ते सात दिवस संबंध आणि वीर्यस्खलन टाळायचं. गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर सांगायचं. एका अहवालावर घाबरायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करायची. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून आज सोडलेल्या सवयीचा फरक पुढच्या आठवड्यात शोधू नका.

सुनेला एकटीलाच धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत फिरवलं जातं, तिच्या सोनोग्राफ्या होतात, आणि मुलाची साधी तपासणी वर्षभर राहून जाते. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं. पहिल्याच भेटीला दोघांनी जा. लहानपणी अंडकोष खाली न उतरल्याचं ऑपरेशन झालं असेल, वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजला असेल, तिथल्या शिरा फुगलेल्या जाणवत असतील, तर वर्षभर थांबूच नका. आणि जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. त्या इंजेक्शनांनी शुक्राणूंची निर्मिती पार थांबू शकते.